बुरशीचं नाव सांगा, प्लीज!

पावावर आलेली बुरशी आपण कचऱ्यात टाकतो आणि विसरून जातो. पण तीच माणसाच्या शरीरात शिरली तर? मग सगळा खेळ येऊन थांबतो लॅबमधल्या एका काचेच्या स्लाइडवर...

सोमवार सकाळ. कॅब खाली येऊन उभी, ड्रायव्हरचे दोन मिस्ड कॉल्स, आणि ब्रेकफास्ट म्हणून ब्रेडचं पाकीट उघडावं तर आत कापसासारखी करडी लव आणि त्यावर काळे ठिपके. ईऽऽ! पाकीट सरळ डस्टबिनमध्ये, बिस्किटाचा पुडा बॅगेत आणि आपण ऑफिसला. तुमच्या-माझ्यासारख्या फ्लॅट शेअर करणाऱ्या जनतेला हा सीन काही नवा नाही.

त्या लवेचं नाव बहुतेक वेळा रायझोपस असतं. हे मला मास कॉमच्या कुठल्या लेक्चरमध्ये शिकवलं नव्हतं. मला ते कळलं माझ्या मामामुळे. मे २०२१ मध्ये.

अक्षय्य तृतीयेचा आमरस

१४ मे २०२१. अक्षय्य तृतीया. लॉकडाउन चालू, पण घरात आमरस-पुरी झालीच पाहिजे हा आजीचा हट्ट. मामा दहा दिवसांपूर्वीच कोविडमधून बरा होऊन घरी आला होता. वय ५२, डायबेटिस जुना, हॉस्पिटलमध्ये स्टेरॉइड्स दिलेली, शुगर वर-खाली. त्याला आमरस चमचाभरच मिळणार होता, पण तोही त्याने बाजूला ठेवला. म्हणाला, "अगं, डाव्या गालाला काही लागतच नाहीये. डेंटिस्टकडे जाऊन आल्यावर होतं ना, तसं सुन्न झालंय."

आम्ही हसलो. मामी हसली नाही. तिने बॅटरी घेऊन त्याच्या तोंडात पाहिलं. टाळूवर रुपयाएवढा काळपट डाग होता.

शनिवारी एका हॉस्पिटलमध्ये नाकातून तुकडा काढला, म्हणजे बायॉप्सी केली. रिपोर्ट? "बुधवारी या." रविवारी डोळ्याखाली सूज आली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "सॅम्पल कशात घातलं होतं?" मामीला आठवत होतं : वास येणाऱ्या पाण्यात. डॉक्टर क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "सगळं फॉर्मलिनमध्ये गेलं. उद्या सकाळी दुसरीकडे चला."

सोमवारी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये दुपारी तीनला पुन्हा बायॉप्सी झाली आणि संध्याकाळी पाचच्या आत ईएनटीच्या डॉक्टरांचा मोबाइल वाजला. लॅबचा फोन होता. दोन तासांत उत्तर! पहिल्या ठिकाणी चार दिवस आणि इथे दोन तास, हा काय प्रकार? तेव्हा विचारायला वेळ नव्हता. इंजेक्शन शोधायचं होतं. पण तो प्रश्न डोक्यात राहिला, आणि परवा एका मोठ्या हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी विभागात मी तोच घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी आणि गेली पंचवीस वर्षं तिथे काम करणाऱ्या टेक्निशियन काकांनी मला अख्खी दुपार दिली.

आधी फंडा क्लिअर करू

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. एसीच्या डक्टमध्ये, कुंडीतल्या मातीत, तुमच्या कीबोर्डवरसुद्धा. आपण ते रोज नाकाने आत घेतो आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा फडशा पाडतात. म्हणून टेन्शन नॉट. पावाची बुरशी बघून कोणी आजारी पडत नाही.

गडबड होते ती पहारा ढिला पडल्यावर. ब्लड कॅन्सरची केमोथेरपी, किडनी किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट, खूप दिवसांची स्टेरॉइड्स, आणि आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ताब्यात नसलेला डायबेटिस. अशा वेळी बीजाणूला कोंब फुटतो, त्याचे तंतू होतात आणि ते तंतू थेट मांसात आणि रक्तवाहिन्यांत घुसतात. रक्तपुरवठा बंद पडतो आणि तो भाग मरून काळा पडतो. २०२१ मध्ये 'काळी बुरशी' हा शब्द घराघरात पोचला, पण खरं तर काळी बुरशी नसते, काळं असतं ते मेलेलं मांस. आणि हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही.

आकडे ऐकायचेत? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं, तोवर देशात म्युकरमायकोसिसचे ४५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते आणि ४,३०० हून जास्त मृत्यू. सगळ्यात जास्त झळ बसली ती महाराष्ट्राला आणि गुजरातला. त्याआधी मे महिन्यातच केंद्राने राज्यांना सांगून हा आजार नोंद सक्तीच्या यादीत घातला होता. आणि कोविडच्या आधीही आपली परिस्थिती काही सोन्यासारखी नव्हती. या आजाराचं भारतातलं प्रमाण प्रगत देशांच्या सुमारे ऐंशी पट असावं, असा भारतीय तज्ज्ञांचा अंदाज २०१९ मध्येच छापून आला होता.

दोन डब्या, दोन वाटा

मॅडमनी टेबलावर दोन प्लास्टिकच्या डब्या ठेवल्या. एकीत साधं सलाइन, दुसरीत फॉर्मलिन. दिसायला दोन्ही पाणीच.

फॉर्मलिनमधला तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो. तिथे तो मेणात बसवून पातळ काप काढतात, रंग देतात, आणि बुरशी मांसात, रक्तवाहिनीत शिरली आहे का ते बघतात. 'आत घुसलेली' बुरशी सिद्ध करायची तर हा पुरावा सगळ्यात भक्कम. पण त्याला दिवस लागतात आणि फॉर्मलिन बुरशीला मारून टाकतं. मेलेली बुरशी वाढणार कशी?

सलाइनमधला तुकडा मायक्रोबायोलॉजीकडे येतो, जिवंत. त्यातूनच ते झटपट उत्तर मिळतं आणि त्यातूनच बुरशी वाढवता येते. म्हणजे एका तुकड्याचे दोन भाग, दोन डब्या, दोन वाटा. मामाच्या पहिल्या बायॉप्सीत दुसरी डबी कोणाला आठवलीच नव्हती. कोणाची वाईट भावना नव्हती. त्या मे महिन्यात सगळेच थकलेले होते. पण दोन दिवस गेले ते गेलेच.

"आणि नुसता कापसाचा बोळा फिरवून पाठवला तर?" मी विचारलं. काकांनी मान हलवली. नाकात वरवर बोळा फिरवला तर हवेतून येऊन बसलेली बुरशीही त्यावर येते आणि आत घुसलेली मात्र हाताला लागत नाही. मांसाचा तुकडाच हवा. तोही फ्रिजमध्ये न ठेवता ताबडतोब पाठवलेला, कारण या बुरशीला गारठा मानवत नाही.

काच, थेंब आणि रिबन

आता तो दोन तासांचा चमत्कार. खरं सांगू? त्याच्याइतकी साधी टेस्ट मी आयुष्यात पाहिली नाही.

काकांनी तुकड्याचा तांदळाच्या दाण्याएवढा भाग ब्लेडने कापला, काचेच्या स्लाइडवर ठेवला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. लॅबच्या भाषेत 'केओएच'. दहा ते वीस टक्क्यांचं द्रावण. वर पातळ काच. मग वाट बघायची. हा अल्कली माणसाच्या पेशी विरघळवतो, पण बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, ते टिकून राहतं. झुरळाच्या पाठीच्या कवचातही कायटिनच असतं! थोडक्यात, माणूस पुसला जातो आणि बुरशी उरते.

अंधाऱ्या खोलीत दुसरा मायक्रोस्कोप होता. तिथे केओएचमध्ये कॅल्कोफ्लुओर व्हाइट नावाचा रंग मिसळतात. तो कायटिनला चिकटतो आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात चमकतो. मी डोळा लावला. काळ्या पार्श्वभूमीवर निळसर, झगमगणारे पट्टे. गणपतीच्या मखराला लावतो तशा रिबिनी, कुठे दुमडलेल्या, कुठे पिळलेल्या. जाम सुंदर दिसत होतं, आणि ते कोणाच्या तरी नाकातून आलंय हे आठवल्यावर पोटात गोळा आला.

"काय दिसतंय ते सांगा," मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, "रुंद आहे. मध्ये भिंती दिसत नाहीत."

"बरोबर. मग हे म्युकर."

फरक असा. अ‍ॅस्परजिलस नावाची दुसरी मोठी बुरशी आहे, तिचे तंतू बारीक असतात, साधारण ३ ते ६ मायक्रॉन. लोकलच्या डब्यांसारखे त्यांच्यात ठरावीक अंतरावर कप्पे असतात आणि फांद्या फुटतात त्या वायच्या आकारात, अंदाजे ४५ अंशांत. म्युकर गटाचे तंतू ६ ते २५ मायक्रॉनपर्यंत रुंद, ओबडधोबड, मेट्रोसारखे आतून जवळपास आरपार, आणि फांद्या काटकोनात. तुमचा एक केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड धरा, म्हणजे अंदाज येईल.

अर्थात हे ऐकायला सोपं आहे. मांसात दबलेला तंतू वाकतो, कोन फसवतात, आणि कधी स्लाइडवर दोनच तुकडे सापडतात. बघणारा डोळा तयार असावा लागतो. काकांच्या पंचवीस वर्षांची किंमत तिथे कळते.

नावावर ठरतं औषध

बुरशी ती बुरशी, औषध चालू करा ना! मलाही तेव्हा असंच वाटलं होतं. पण इथेच खरी मेख आहे.

अ‍ॅस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल हे उत्तम औषध. म्युकरवर ते चालतच नाही. म्युकरला हवं अ‍ॅम्फोटेरिसिन बी, तेही शक्यतो लिपोसोमल, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बसवलेलं. आणि सोबत सर्जरी, कारण मेलेल्या भागात रक्तच पोचत नाही, तर औषध कसं पोचणार? हे औषध किडनीला जड जातं, म्हणून 'असू दे, देऊन टाकू' असंही चालत नाही. चुकीचं नाव म्हणजे चुकीचं औषध, आणि तोवर बुरशी पुढच्या रक्तवाहिनीत.

उशीर किती महागात पडतो? अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये ब्लड कॅन्सर असलेल्या म्युकरच्या रुग्णांचा अभ्यास छापला. औषध सहा किंवा जास्त दिवस उशिरा सुरू झालेल्यांपैकी बारा आठवड्यांत सुमारे ८३ टक्के दगावले. वेळेत सुरू झालेल्यांत हेच प्रमाण सुमारे ४९ टक्के. मॅडमनी हे आकडे सांगितले आणि मी मनातल्या मनात शनिवार ते बुधवार मोजले.

ताटलीतली शेती

स्लाइड गट सांगते, पूर्ण नाव नाही. नावासाठी बुरशी वाढवावी लागते. सलाइनमधला उरलेला तुकडा ताटलीतल्या जेलीवर ठेवतात. सबुरो अगार म्हणतात त्या जेलीला. साखर आणि पेप्टोनची मेजवानीच.

इथेही एक गंमत आहे. बाकीचे नमुने लॅबमध्ये खलात कुटतात. म्युकरचा तुकडा कुटायचा नाही! आत कप्पे नसल्यामुळे तंतू एकदा फुटला की आतलं सगळं बाहेर आणि बुरशी मेली. म्हणून ब्लेडने हलकेच बारीक तुकडे करायचे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'म्युकरची शंका' असे शब्द लिहिले नाहीत तर लॅबला हे कळणार कसं? एका ओळीचा आळस आणि कल्चर हातचं जातं.

नीट लावलं तर एक-दोन दिवसांत ताटली कापसाने भरते, अगदी झाकणाला टेकेपर्यंत. मग निळ्या रंगात त्याची स्लाइड बनवून बघायचं. मुळांसारखे तंतू आहेत का, ते देठाच्या बरोब्बर खाली आहेत की दोन देठांच्या मधे? बरोब्बर खाली असतील तर रायझोपस. हो, तोच तुमच्या ब्रेडवाला.

पण सगळं नीट करूनही म्युकरच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये काहीच उगवत नाही. आणि उलटही होतं. हवेतला एखादा बीजाणू ताटलीवर पडून उगवतो आणि खोटाच गजर होतो. म्हणून स्लाइड, कल्चर, पॅथॉलॉजी, सीटी स्कॅन आणि समोरचा पेशंट, सगळ्यांची कुंडली जुळवूनच निदान करायचं.

रक्त काय सांगतं?

तुकडा काढणं दर वेळी शक्य नसतं. फुप्फुसात बुरशी आहे, प्लेटलेट्स तळाला गेल्यात, सुई घालायची भीती. अशा वेळी रक्तातले पुरावे शोधतात.

पहिला पुरावा गॅलॅक्टोमॅनन. अ‍ॅस्परजिलसच्या भिंतीतून सुटणारी ही साखर रक्तात किंवा फुप्फुस धुतलेल्या पाण्यात सापडते. दुसरा बीटा-डी-ग्लुकॅन, हा बऱ्याच बुरशींत असतो. याच्या टेस्टमध्ये चक्क हॉर्सशू क्रॅब या निळ्या रक्ताच्या समुद्री जीवाच्या रक्तपेशींचा अर्क वापरतात! त्या जीवाचं रक्त बुरशीची चाहूल लागताच गोठतं, त्याच गुणाचा हा उपयोग.

आता नीट ऐका. म्युकरमध्ये या दोन्ही टेस्ट सहसा निगेटिव्ह येतात. त्या निगेटिव्ह आल्या म्हणून म्युकर नाही असं म्हणता येत नाही. आणि डायलिसिस किंवा ऑपरेशनमधला गॉज अशा कारणांनी बीटा-डी-ग्लुकॅन उगाचच पॉझिटिव्हही येऊ शकते. कोविडमुळे आपण सगळे पीसीआर एक्स्पर्ट झालोच आहोत. बुरशीचाही पीसीआर आहे, आणि रक्तातून म्युकरचा डीएनए कल्चरच्या कित्येक दिवस आधी पकडता येतो असं युरोपातल्या अभ्यासांत दिसलंय. पण तो प्रत्येक लॅबमध्ये होत नाही.

नव्या टेस्टची किंमत अमेरिकेने २०१२ मध्ये मोजली. दूषित स्टेरॉइड इंजेक्शनांमधून एक्सेरोहायलम नावाची, सहसा गवतावर राहणारी बुरशी लोकांच्या पाठीच्या कण्यात गेली. २० राज्यांत ७५३ रुग्ण, ६४ मृत्यू. कल्चर बऱ्याचदा काही दाखवेना, तेव्हा सीडीसी या सरकारी संस्थेच्या लॅबने त्या बुरशीसाठी पीसीआर बसवला.

जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची पहिली यादी काढली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. १९ नावं. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस सगळ्यात वरच्या गटात, म्युकरवाले त्याच्या खालच्या. उशिरा का होईना, बुरशीकडे लक्ष गेलंय. पण निघताना मॅडम जे म्हणाल्या ते मला जास्त लागलं. मशीन विकत आणता येतं, केओएचची बाटली तर स्वस्तातच मिळते, पण रात्री आठला स्लाइड बघणारं माणूस तयार व्हायला वर्षं जातात.

आणि मामा?

त्या सोमवारी पाच वाजता लॅबने फोनवर एवढंच सांगितलं होतं : रुंद तंतू, कप्पे नाहीत, म्युकर धरून चाला. रात्री अकराला पहिलं इंजेक्शन मिळालं. त्यासाठी माझ्या दोन मावसभावांनी अख्खं शहर पालथं घातलं. मंगळवारी ऑपरेशन. वरचा जबडा डावीकडून अर्धा काढावा लागला. डोळा वाचला.

बुधवारी ठरल्याप्रमाणे पहिल्या हॉस्पिटलचा रिपोर्टही आला. त्यात म्युकरच लिहिलं होतं. रिपोर्ट बरोबर होता, फक्त तो येईपर्यंत मामाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं.

मामा आता जेवताना टाळूची प्लेट बसवतो. बोलताना 'श' थोडा घसरतो, मग तो स्वतःच स्वतःची नक्कल करतो. शुगर रोज तपासतो, वहीत लिहितो, आणि दर अक्षय्य तृतीयेला चमचाभर आमरस घेतो. लॅबमधून परतल्यावर मी त्याला रिबिनींचा तो फोटो दाखवला. चष्मा लावून त्याने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "हे ज्यांनी त्या दिवशी बघितलं, त्यांना कोणी थँक्यू म्हटलं का गं?"

आम्ही नव्हतं म्हटलं. आम्हाला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

घरच्यांसाठी चेकलिस्ट

• घरात कोणाला डायबेटिस, ट्रान्सप्लांट किंवा केमो असेल आणि चेहऱ्याची एकच बाजू दुखते, सुन्न होते किंवा सुजते, नाकातून काळपट पाणी येतं, दात हलतात, दोन-दोन दिसतं किंवा टाळूवर काळा डाग आहे, तर 'उद्या बघू' नको. त्याच दिवशी ईएनटी.

• बायॉप्सी झाली की नम्रपणे विचारा : सॅम्पल दोन डब्यांत गेलं ना? सलाइन आणि फॉर्मलिन?

• चिठ्ठीवर 'बुरशीची शंका' आणि पेशंटचा डायबेटिस, स्टेरॉइड्स, कोविड हे सगळं लिहिलंय का बघा.

• केओएच आजच होणार का आणि निकाल फोनवर कळवणार का, हे विचारायला लाजू नका.

• रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून तुकडा तपासणं टाळू नका.

• आणि हो, लव आलेला ब्रेड टाकताना उगाच घाबरू नका. आई-बाबांची शुगर शेवटची कधी तपासली होती, तेवढं मात्र आज फोन करून विचारा.